परवडणारी वाइन आणि आमची भिशी

तुमच्या घराजवळ ‘वाइन्स’ अशी पाटी असलेलं एखादं दुकान असेलच. जाता-येता एकदा बाहेरूनच नजर टाका. व्हिस्की दिसेल, रम दिसेल, बिअरचे खोके दिसतील. वाइन मात्र वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या अगदी जवळ, धूळ खात उभ्या असलेल्या पाच-सात बाटल्या! नाव वाइनचं आणि धंदा दुसऱ्याच मालाचा. हे नाशिकला तसंच आणि इथे बेंगळुरूतही तसंच.

मी निफाड तालुक्यातली. लग्नानंतर बेंगळुरूला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. माहेरी द्राक्षबाग, त्यातही काही वर्षं वाइनची द्राक्षं होती. तरी पस्तिशी ओलांडेपर्यंत मी वाइन चाखली नव्हती. घरात विषयच नव्हता. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ, आई एकादशीवाली. द्राक्षं ट्रॅक्टरमधून वायनरीत जायची आणि आमच्या लेखी तिथेच संपायची.

पुढे वाचण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण हे मासिक घरातल्या सगळ्यांच्या फोनवर जातं. कर्नाटकात मद्यविक्रीसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला पूर्ण सुरक्षित नाही, आणि वाइन ही दारूच आहे. ‘हृदयाला चांगली असते’ म्हणून कुणी सुरू करणार असेल, तर करू नका. जे घेत नाहीत त्यांनी मुळीच सुरू करू नये. पण घरातलं कुणी कधीमधी घेत असेल, तर ते डोळसपणे, थोडं आणि खिशाला झेपेल असं कसं घ्यावं, एवढंच मी सांगणार आहे.

पैसे भरले, पण...

मला वाइनची गोडी लागली ती नवऱ्याच्या ऑफिसच्या एका पार्टीत. कुणीतरी ग्लास हातात दिला, मी घोट घेतला आणि मला आमच्या बागेतल्या फेब्रुवारीतल्या सकाळची आठवण झाली. ओला पाला, कच्चा पेरू, थोडं लिंबू. ती सॉव्हिन्यॉ ब्लांक होती. आमच्याकडे अण्णा तिला नुसतं ‘सावी’ म्हणायचे.

मग वाटलं, एखाद्या वाइन क्लबात जावं. चार गोष्टी शिकता येतील, चांगली बाटली स्वस्तात मिळेल. चौकशी करून एका हॉटेलातल्या क्लबाचं वर्षाचं सभासदत्व घेतलं. ८,००० रुपये भरले. नंतर कळलं, की ते पैसे फक्त आत शिरण्याचे! दर महिन्याच्या जेवणाचे माणशी साडेतीन हजार वेगळे. मी दोनदा गेले. वाइन परदेशी होती, बोलणारे गृहस्थ टाय लावलेले होते आणि ‘काळ्या मनुका, चामडं, तंबाखू’ असे वास सांगत होते. मला त्यातलं काहीच येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. तिसऱ्या महिन्यापासून मी गेलेच नाही. ८,००० अधिक ७,००० मिळून १५,००० रुपयांत मी काय शिकले? एवढंच, की महाग म्हणजे चांगलं असं नसतं.

परदेशी वाइन एवढी महाग का, तेही त्यानंतर समजून घेतलं. आपल्याकडे आयात वाइनवर कित्येक वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, तेव्हा तिथल्या ठरावीक किमतीवरच्या वाइनवर ते १०० टक्क्यांवर आलं. त्यावर राज्याचा अबकारी कर, मग दुकानदाराचा नफा. म्हणजे तिकडे साधी, रोजच्या जेवणातली असलेली बाटली इकडे येता येता साहेब होते. तिच्या किमतीतला मोठा भाग वाइनचा नसतोच, प्रवासाचा आणि करांचा असतो.

बाटली टपालाने येत नाही

माझी एक मैत्रीण अमेरिकेत असते. ती म्हणाली, “अगं, आमच्याकडे क्लबवाले दर महिन्याला खोका घरीच पाठवतात.” मला वाटलं, वा! इथेही असेल.

इथे ते तितकं सरळ नाही. आपल्या राज्यघटनेत मद्य हा राज्यांचा विषय आहे. प्रत्येक राज्याचे कर वेगळे, परवाने वेगळे, लेबलची नोंदणीही वेगळी. त्यामुळे नाशिकची एखादी छान वाइन बेंगळुरूच्या दुकानात मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी तिची किंमत वेगळी असते. माहेरून येताना पिशवीत चार बाटल्या टाकून आणू, हेही चालत नाही, त्यालाही नियम आहेत. महाराष्ट्रात तर पिणाऱ्याने स्वतःचा परवाना घ्यावा असा १९४९ च्या दारूबंदी कायद्यातला नियम आजही आहे. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे तुम्हाला आठवत असेल. तो निर्णय पुढे अमलात आला नाही.

थोडक्यात, घरबसल्या खोका येणारा क्लब हा आपल्यासाठी नव्हे.

आईची भिशी कामी आली

एका रविवारी फोनवर हे सगळं आईला सांगत होते. अर्थात वाइनचं नाव न घेता! ‘एक क्लब आहे, फार पैसे घेतात’ एवढंच. आई म्हणाली, “मग भिशी लाव की. दहा जणी जमवायच्या आणि आपापलं करायचं. क्लब कशाला हवा?”

मी फोन ठेवला आणि वही काढली. मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हिशेब असा. एका बाटलीत ७५० मिली वाइन असते. चाखण्यापुरतं म्हणून प्रत्येकी ७५ मिली ओतली, तर एका बाटलीत दहा माणसं होतात. महिन्याला तीन बाटल्या, म्हणजे दहा माणसांना तीन वेगवेगळ्या वाइन चाखायला मिळतात, आणि प्रत्येकाच्या पोटात जाते ती सव्वादोनशे मिली, तीही तीन तासांत, जेवणाबरोबर. माणशी वर्गणी ४०० रुपये, जमा ४,०००. हजाराच्या आसपासच्या तीन बाटल्यांचे ३,००० गेले, तरी हजार उरतात. वर्षाचे झाले १२,०००. त्यात एक सहल आणि एक भारी बाटली.

तुम्ही एकट्याने हजाराची बाटली आणली तर ती चुकीची निघाल्यावर हजार रुपये पाण्यात. भिशीत तीच चूक शंभर रुपयांची होते. चांगली वाइन ओळखायला चुका कराव्याच लागतात. त्या स्वस्तात करता आल्या, हाच भिशीचा खरा फायदा.

गंमत म्हणजे ही कल्पना नवी नाहीच. इंग्लंडात ‘द वाइन सोसायटी’ म्हणून एक संस्था आहे, १८७४ साली स्थापन झालेली. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या तळघरात प्रदर्शनासाठी आलेली पोर्तुगीज वाइनची पिंपं पडून राहिली होती. ती खपवण्यासाठी जेवणावळी झाल्या आणि त्यातून चक्क सहकारी संस्था उभी राहिली. सभासदाने एक शेअर घ्यायचा, तो आयुष्यभराचा. मालक सभासदच. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांसारखंच, फक्त उसाच्या जागी वाइन!

आमच्या भिशीत सोसायटीतलीच माणसं आहेत. नागपूरकडचं एक जोडपं, बेळगावच्या एक शिक्षिका, एक कोकणी बोलणारं मंगळुरूचं कुटुंब, समोरच्या कन्नड काकू आणि त्यांची सून. नेहमीच्या भिशीत चिठ्ठी निघाली की पैसे मिळतात. आमच्याकडे चिठ्ठी निघाली की बाटल्या निवडायची आणि घरी बोलवायची पाळी येते. नियम चारच आहेत. गाडी चालवणाऱ्याने प्यायची नाही. कुणी ‘आज नको’ म्हटलं तर ‘का?’ असं विचारायचं नाही. तीनच्या वर चौथी बाटली उघडायची नाही. आणि बाहेरच्या कुणाकडून पैसे घेऊन ओतायची नाही, कारण ती विक्री होते आणि विक्रीला परवाना लागतो.

दुसरा नियम कन्नड काकूंनी घालायला लावला. त्यांच्या धाकट्या दिराची दारू सुटली, त्याला सहा वर्षं झाली. तो कधीतरी येतो, कोकम सरबत घेतो आणि सगळ्यांच्या आधी पापड संपवतो. त्याला कुणीही आग्रह करत नाही. ज्या क्लबात नाही म्हणणाऱ्याला संकोच वाटतो, तो क्लब फुकट असला तरी महागच.

बाटली निवडताना

पहिल्या वर्षात ठेचा खाऊन जे शिकलो, ते तुम्हाला आयतं देते.

बेंगळुरूत राहणाऱ्यांनी आधी बेंगळुरूच्या आजूबाजूला बघावं. नंदी हिल्सच्या पायथ्याकडे, दोड्डबळ्ळापूरला, ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये वाइनसाठी द्राक्षबागा सुरू केल्या. आज ती कंपनी ग्रोव्हर झाम्पा म्हणून ओळखली जाते आणि तिथे बाग बघून वाइन चाखता येते. म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टणजवळ सुलाचं केंद्र आहे. बिग बॅनियन बेंगळुरूचीच. हंपीकडच्या टेकड्यांवर क्रस्मा आहे. आपल्या महाराष्ट्रातली म्हणाल तर नाशिकची सुला आणि अकलूजची फ्रातेल्ली इथे सहज मिळतात. कर्नाटकने २००७ मध्ये वाइनचं स्वतंत्र धोरण आणलं, कर्नाटक वाइन बोर्ड आहे आणि त्यांचे वाइन महोत्सवही भरतात. थोड्या पैशांत बऱ्याच वाइन चाखायची ती उत्तम जागा.

आमची पहिली सहल चन्नपट्टणला झाली. तिथून पुढे मद्दूरला जाऊन गरम मद्दूर वडे खाल्ले. कांदा घातलेला खुसखुशीत वडा आणि शेनिन ब्लांक यांची जोडी तिथेच सुचली आणि पुढच्या भिशीत पक्की झाली.

दुकानात गेलात की लेबल वाचा. द्राक्षाचं नाव आणि साल लिहिलेलं असेल तर बरं. नुसतं ‘रेड वाइन’ किंवा ‘पोर्ट’ लिहिलेली स्वस्त बाटली बहुधा गोड असते. बेंगळुरूच्या आसपास पिकणाऱ्या ‘बेंगळुरू ब्लू’ द्राक्षाला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते खायला आणि सरबताला छान, गोड पोर्टलाही चालतं, पण जेवणाबरोबरची कोरडी वाइन त्याची नसते. कन्नड काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या जरा रुसल्याच होत्या.

साध्या पांढऱ्या वाइनचं साल वर्ष-दोन वर्षांपेक्षा जुनं नको. ‘जुनी तेवढी चांगली’ हे मोजक्याच वाइनना लागू पडतं. उन्हात किंवा दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नका, मागे थंड जागी ठेवलेली मागा. फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन, हाही गैरसमज आहे. आपल्या हवेत ते बुचापेक्षा सोयीचंच.

पांढरी वाइन फ्रिजमधून काढून लगेच. तांबडीही घरच्या तापमानाला गरमच लागते, तिलाही वीस मिनिटं फ्रिज दाखवा. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. त्यापुढे ती मटणाच्या रश्श्यात घाला.

आणि एक खेळ नक्की खेळा. तिन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर १, २, ३ असे आकडे टाका आणि किंमत न सांगता गुण द्या. एकदा आमच्याकडे साडेसातशेची बाटली अठराशेच्या बाटलीपेक्षा पुढे गेली. अठराशेवाली आणली होती नागपूरकर भाऊजींनी. ते अजून तो विषय काढू देत नाहीत.

अण्णा आले तेव्हा

इथवरचं सगळं मी तुम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं असतं आणि थांबले असते. पण मागच्या हिवाळ्यात अण्णा डोळ्यांच्या तपासणीसाठी आमच्याकडे आले आणि नेमकी त्याच शनिवारी भिशी आमच्या घरी होती.

मी पुढे ढकलणार होते. नवरा म्हणाला, “लपवून किती दिवस करशील?” मग मीच जाऊन सांगितलं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तुमचं चालू द्या. मी बसतो बाजूला.”

ते माळ सदऱ्याच्या आत सारून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. कन्नड काकूंच्या दिराने त्यांना कोकम सरबत आणून दिलं. बाटल्या उघडल्या, ग्लास फिरले. त्यात एक नाशिककडची सॉव्हिन्यॉ ब्लांक होती. अण्णांनी हात पुढे केला. मी चमकले. त्यांनी ग्लास घेतला, नाकाशी धरला आणि परत दिला. “सावी हाय,” ते म्हणाले. “टायमावर तोडलेली.”

मग सगळ्यांनी त्यांना घेरलं. अण्णा बोलू लागले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. मण्यातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. पहाटे गारव्यात तोडणी का करतात. वाइनच्या द्राक्षाचा मणी कसा बारीक, साल जाड, आत बी. बेळगावच्या बाई तर वही काढून लिहून घेत होत्या. ज्या टायवाल्या गृहस्थांचं बोलणं मला कळलं नव्हतं, ते सगळं अण्णांनी अर्ध्या तासात मराठीत सांगितलं.

मग कुणीतरी विचारलं, “आता किती एकर आहे वाइनची?”

“काढली,” अण्णा म्हणाले.

ते मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून इतक्या लोकांसमोर कधी ऐकलं नव्हतं. २००१ मध्ये महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि आमच्या भागात वायनऱ्या उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी करार करून बागा लावल्या, अण्णांनीही लावली. पुढे २००८ च्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला, पर्यटन बसलं, जगभर मंदी आली. वाइन खपेना, वायनऱ्यांच्या टाक्या भरून राहिल्या. आमची द्राक्षं घेणाऱ्या वायनरीने आधी पैसे थकवले आणि मग गाडीच पाठवली नाही. घड वेलीवर तयार. खायच्या बाजारात ते कुणी घेत नाही, बी असल्यामुळे बेदाणाही होत नाही. अण्णांनी ती बाग स्वतः उभं राहून काढली आणि थॉमसन लावली. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. त्या वर्षी दिवाळीला घरी गेले तर आईने एवढंच सांगितलं होतं, “अण्णांशी बागेचं बोलू नको.”

खोलीत शांतता होती. अण्णांनी बाटली उचलून उलटसुलट पाहिली आणि मला विचारलं, “पोरी, केवढ्याची ही?”

“नऊशे पन्नास.”

“हिला किलो-सव्वा किलो माल लागला आसंल,” ते म्हणाले. “त्यातले शेतकऱ्याला किती?”

कर, वाहतूक, काच, जाहिरात, दुकान, हे सगळं मला माहीत होतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. माझ्या वहीत ‘परवडणारी’ म्हणजे आम्हाला परवडणारी, एवढंच होतं. आमच्या घरात तर हा शब्द मी लहानपणापासून उलट्या बाजूने ऐकला होता. “भाव परवडत नाही,” “मजुरी परवडत नाही,” “बाग परवडत नाही.” तोच शब्द घेऊन मी दोन वर्षं स्वस्त बाटल्या शोधत होते आणि त्याला दुसरी बाजू आहे हे विसरून गेले होते.

त्या दिवसापासून आमच्या भिशीत पाचवा नियम आला. ज्याची पाळी, त्याने बाटलीबरोबर द्राक्षं कुठल्या भागातली, स्वतःच्या बागेची की शेतकऱ्यांकडून घेतलेली, हे शोधून सांगायचं. बागेच्या सहलीला गेलो की मार्गदर्शकाला हाच प्रश्न पहिला विचारायचा, “शेतकऱ्यांशी करार किती वर्षांचा असतो आणि पैसे कधी मिळतात?” काही ठिकाणी मोकळेपणाने सांगतात, काही ठिकाणी विषय बदलतात. जिथे सांगतात, तिथली बाटली शंभर रुपयांनी महाग असली तरी आम्ही तीच घेतो. दहा जणांत ते माणशी दहा रुपये होतात. तेवढं आम्हाला परवडतं.

तुम्हालाही असा क्लब हवा असेल तर जाहिराती शोधत बसू नका. ओळखीची आठ-दहा माणसं, एक वही आणि वेळेवर वर्गणी देण्याची सवय, एवढं पुरे. पिणारे थोडे कमी मिळाले तरी चालेल, न पिणारा एखादा जरूर असू द्या.

अण्णा परत गेले तेव्हा मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडी सुटायच्या आधी म्हणाले, “पुढल्या डावाला काय आणणार?”

“अजून ठरलं नाही, अण्णा.”

“ठरलं की फोन कर. माल कोणाचा हाय, मी विचारून ठेवतो.”

आता दर महिन्याला बाटल्या निवडल्या की पहिला फोन निफाडला जातो.